मोत्यापेक्षा नाक जड

गेल्या चैत्रात कसालहून एक गृहस्थ आमच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, येऊन उभे राहिले. भर उन्हात डोक्यापासून हनुवटीपर्यंत पंचा गुंडाळलेला, नुसते डोळे दिसत होते. त्यांनी विचारलं, “नाक कापलेलो दशावतारी हयच रवता काय?”

आमची आनंदी, म्हणजे माझी बायको, सुपात तांदूळ घेऊन बसली होती. मान वर न करता ती म्हणाली, “हयच रवता. पण तेचा नाक परत इला आसा. बसा.”

गृहस्थ बसले. पंचा काढायला मात्र तयार होईनात. मी म्हटलं, “काढा ओ, मी काय बघूक नाय असा नाक दुनयेत नाय.” तेव्हा त्यांनी पंचा सोडला. लाल, जाड, खड्डेखड्डे पडलेलं, शेंड्याला दोन्हीकडे फुगलेलं नाक. मला हसू आलं. त्यांना राग आला, आणि तो येणारच. मी म्हटलं, “रागावू नका. माझा होता तेच्या निम्म्यानपण नाय तुमचा.” मग तेही हसले.

दुपारपर्यंत त्यांना सगळं सांगितलं. जाताना म्हणाले, “ह्या लिवन ठेवा. सगळ्यांका काय आचऱ्याक येवक गावना नाय.” म्हणून लिहितो आहे. मी चौथी शिकलेला माणूस आहे, तेव्हा ऱ्हस्वदीर्घ कोणी काढू नये.

नथ

मी शांताराम, आचऱ्याचा. आमच्याकडे कार्तिकात भात कापून झालं की गावोगावच्या जत्रा लागतात आणि जत्रेला दशावतार हवाच. दशावतारात बायकांची कामं पुरुषच करतात. त्यांना स्त्रीपार्टी म्हणतात. मी सोळाव्या वर्षापासून स्त्रीपार्टी. राणी, राजकन्या, पतिव्रता, सगळ्या करून झाल्या. लुगडं असं नेसायचो की आनंदीला मी नेसवायला शिकवलं, हे ती अजून कोणाला सांगू देत नाही.

स्त्रीपार्टीचं सगळं नथीत असतं. संवाद पाठ नसतात आमचे, ऐनवेळी सुचतील ते बोलायचे. न सुचले तर नथ सावरायची, तेवढ्यात सुचतात. रागवायचं असेल तर नथीला झटका, लाजायचं असेल तर नथीआड बोट. कंपनीची नथ पितळेची होती, तिनं नाक चरचरायचं. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी आनंदीनं आपली लग्नातली नथ काढून माझ्या हातावर ठेवली. “घ्या. माझ्या नाकात वर्षातना दोनदा जाता, तुमच्या नाकात रोज जायत.”

माझ्या नाकाला भोक नाही. म्हणून बाजारातल्या बाबलशेट सोनारानं नथीची तार कापून तिला चाप बसवला. चापानं नाकपुडी दाबायची, नथ बसते. पण तार कापल्यामुळे ती आनंदीच्या नाकातून गेली ती गेलीच. तिनं आपल्या नाकात साधी चमकी घातली आणि नथ माझी झाली. कंपनीचे मालक दाजी म्हणायचे, “शांतारामाची बायको घराक एक आणि रंगात एक, दोगींक मिळान नथ एकच.”

बाबलशेट तीनदा

पस्तिशी उलटली आणि जत्रेच्या दिवसांत माझे गाल आणि नाक लाल राहू लागले. तोंडाला लावायच्या पांढऱ्या रंगानं, सफेत्यानं, होत असेल असं वाटलं. सफेता बदलला. मग नाकावर पुळ्या आल्या, गेल्या, परत आल्या. कडुनिंबाचा पाला झाला, जळवा लावून झाल्या. एक जळू तर दोन घोट घेऊन आपणच खाली पडली. देवीला नवस बोललो. त्यातलं काही लागलं नाही. तुम्हीही हे सगळं करणार, करा बापडे, पण त्याच वेळी डॉक्टरकडेही जा.

एके दिवशी नथीचा चाप टोचू लागला. बाबलशेटनं सैल करून दिला. पुढच्या वर्षी परत. त्याच्या पुढच्या वर्षी तिसऱ्यांदा गेलो तेव्हा त्यानं नथ हातात घेतली, माझ्या नाकाकडे बघितलं आणि चष्मा कपाळावर चढवला. “शांताराम, नथ मी सैल करतंय रे. पण तुझा नाक थांबाक व्हया मा?”

खरं म्हणजे माझं निदान पहिल्यांदा त्यानंच केलं. मी आरशात रोज बघत होतो, आणि रोज बघणाऱ्याला काही दिसत नाही. त्याच्याकडे माप होतं.

मला मात्र भलतंच सुचलं. नथ डावीकडे असते, तेव्हा चापाच्या दाबानंच डावी बाजू सुजते आहे, असं मी ठरवलं. आणि देवबागच्या बाजूच्या एका जत्रेत नथ उजवीकडे लावून राणी म्हणून बाहेर पडलो. पुरुषांपैकी कोणाच्या ध्यानातही आलं नाही. पण पुढे बसलेल्या बायकांत खसखस पिकली. एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, “ह्या राणयेक खंयच्या देशातसून हाडल्यानी गो? नथ उजवीकडे.” मी गडबडलो, सवयीनं नथ सावरायला हात डावीकडे गेला, तिथे नुसतं सुजलेलं नाक. सगळी जत्रा हसली. नाकापेक्षा मोती जड म्हणतात लोक. माझ्या बाबतीत मोत्यापेक्षा नाक जड झालं होतं.

हा कर

ते दारूबंदीचे दिवस होते. आणि गोवा शेजारी, तिथून काय काय यायचं ते सगळ्यांना ठाऊक. लाल जाड नाक म्हणजे दारुडा, हे लोकांनी कधीचंच ठरवून ठेवलेलं. मी माडीलासुद्धा तोंड लावलेलं नाही. आमचे मालक दाजी खुशाल लावायचे, त्यांचं नाक चाफेकळी.

एका जत्रेत हवालदारानं मला लुगड्यासकट बाजूला घेतलं. “हा कर,” म्हणाला. मी माझ्या स्वभावाचा माणूस. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो असं आई म्हणायची, आणि आता तिथे त्याला जागाही भरपूर झाली होती. संध्याकाळी मी सुक्या बांगड्याबरोबर दोन कांदे खाल्ले होते. मी छातीभर श्वास घेऊन असा ‘हा’ केला की हवालदार दोन पावलं मागे गेला आणि त्यानं परत कधी विचारलं नाही.

हे हसण्यावारी गेलं. पुढचं गेलं नाही. सुगीनंतर दाजी घरी आले, पानसुपारी झाली, आणि खाली बघत म्हणाले, “शांताराम, राग मानू नको. औंदा तू राक्षस कर. राणी दुसरो कोण तरी करीत.”

मी राक्षस केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नाकाला रंग लावायचा नाही अशी दाजींची ताकीद होती, आहे तेच बरं दिसतं म्हणून. तीन वर्षं मी राक्षस केला आणि नाव झालं. लांबलांबून लोक ते नाक बघायला यायचे. मी आत येऊन रंग पुसताना रडायचो, हे आनंदीशिवाय कोणाला माहीत नाही. माझं काम गेलं होतं आणि टाळ्या नाकाला पडत होत्या. मला एकच हवं होतं. मरण्याआधी एकदा तरी परत नथ घालून रंगात उभं राहायचं.

करवंटी

नाकाबरोबर गालही जाड झाले, हनुवटी सुजली. मग बाजारात कुजबुज सुरू झाली की हा महारोग आहे. एके दिवशी चहाच्या दुकानात माझ्यापुढे कोप, म्हणजे कप, आला नाही. करवंटीतून चहा आला.

करवंटीतून चहा देणं म्हणजे काय, ते आमच्याकडे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. मी तो तसाच ठेवून घरी आलो. आणि खोटं कशाला बोलू, याच दुकानात दुसऱ्यांच्या हातात करवंटी बघून मी कितीदा शेजारी बसून आपला चहा पीत राहिलो होतो, तेही त्या दिवशी पहिल्यांदा आठवलं. ते अजून आठवतं.

घरी येऊन मी आनंदीला सांगितलं की माझं ताट वेगळं कर, मी पडवीत निजेन. माझं जेवण झालं आणि मी हात धुऊन येतो तर ही माझ्याच ताटात भात घेऊन बसलेली. मी ओरडलो. ती म्हणाली, “नाक तुमचा, नथ माझी. काय होवचा ता दोगांचा होवंदे.” मग नाकातली चमकी काढून तिनं त्या नथीच्या डबीत टाकली. “तुमच्या नाकात नथ जायपर्यंत माझ्याय नाकात काय नको.” बायकांनी तिला फार बोल लावले. सवाष्णीचं नाक मोकळं म्हणून विहिरीवर रोज एक प्रवचन व्हायचं. ती भरलेली घागर घेऊन गुपचूप घरी यायची.

सुई

डॉक्टरकडे जायला मी घाबरत होतो, कारण तो महारोग आहे असं सांगेल. न विचारलं तर निदान ठाऊक तरी नसतं. शेवटी आनंदीच एसटीत बसली आणि म्हणाली, “येतास तर येवा, नाय तर मी जावन तुमचो आजार सांगतंय.”

मालवणच्या डॉक्टरांनी माझ्या तोंडावरचा पंचा काढला. कानाच्या पाळ्या चाचपल्या, भुवया बघितल्या, कोपराच्या आतली शीर दाबली. मग म्हणाले, “डोळे मिटा.” मी मिटले. मनात म्हटलं, आता सांगणार. तेवढ्यात नाकाच्या शेंड्यावर सुई टोचली. मी असा कळवळून ओरडलो की बाहेर बसलेलं एक मूल रडायला लागलं.

“ओरडलात ना?” डॉक्टर म्हणाले. “फार छान. महारोग नाही.”

आयुष्यात मी कोणाच्या टोचण्याचे इतके आभार मानलेले नाहीत. आनंदी भिंतीला टेकून उभी होती, ती पदरानं डोळे पुसू लागली. डॉक्टरांनी तिला पाणी दिलं.

मग त्यांनी आजाराचं नाव सांगितलं. रोझेशिया. मी ऐकलं, ‘रोज येशील’. मी आनंदीला म्हटलं, “रोज येवक सांगतत.” ती म्हणाली, “रोज येवक एसटी तुमच्या बापाशीची आसा?” डॉक्टर इतके हसले की त्यांना चष्मा पुसावा लागला. त्यांनी समजावून सांगितलं की हा तोंडाच्या कातडीचा आजार आहे, तो कोणाला लागत नाही, दारूशिवायही होतो, आणि वर्षानुवर्षं तसाच राहिला की कोणाकोणाचं नाक असं जाड होतं.

“औषधानं लाली कमी होईल,” ते म्हणाले, “पण वाढलेलं नाक मलमानं खाली बसणार नाही. ते मुंबईला सोलून काढतात. मी चिठ्ठी देतो. तोवर ऊन टाळा, कढत चहा नको, तिखट नको आणि राग आवरा.”

आनंदीनं विचारलं, “रागाचा औषद खंय गावता?”

परतताना मी चहाच्या दुकानात गेलो आणि डॉक्टरांची चिठ्ठी टेबलावर आपटली. “वाच.” दुकानदाराला इंग्रजी येत नव्हतं. मलाही नव्हतं. मी म्हटलं, “वाचूक येना नाय ना? मगे कोपात चाय घाल.” त्यानं घातला. चहा कढत होता, डॉक्टरांचं ऐकायचं तर पिता येत नव्हता. मी तो गार होईपर्यंत तिथे बसून राहिलो आणि मग शेवटच्या घोटापर्यंत प्यायलो.

बिनतिखटाचं

आता घरच्या भांडणाचं सांगतो, कारण हे कोणी लिहीत नाही. बांगड्याच्या तिखल्यात तिखट नसेल तर त्याला काय म्हणायचं ते मला अजून कळलेलं नाही. आनंदी दोन मडकी चढवायची, एक घरातल्या बाकीच्यांचं आणि एक माझं. दुसऱ्याच दिवशी मी माझं ताट खळ्यात भिरकावलं. कोंबड्या धावल्या. आनंदीनं ताट उचललं, घासलं, आणि दुसऱ्या दिवशी चूल पेटवली नाही. सगळं घर माझ्याकडे बघत भुकेलं बसलं. संध्याकाळी मी स्वतः पेज शिजवली आणि सगळ्यांना वाढली. ती कोणी चांगली म्हटली नाही, पण माझं ताट परत उडालं नाही. आजारी माणसाला वाटतं की त्रास त्याचा एकट्याचा. तसा तो नसतो, एवढंच या प्रसंगातून घ्या.

दाजींना मी मुंबईचं सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला. “नाक कापून घेतलंस तर राक्षस कोण करतलो रे? आणि परत राणी होशीत ह्या तुका कोणी सांगला?” कोणीच सांगितलं नव्हतं. तरी मी जायचं ठरवलं.

निघायच्या दिवशी बंदरावर आनंदीनं माझ्या हातात नथीची डबी दिली. मी विचारलं, “ही कित्या?”

“डॉक्टराक माप नको?” ती म्हणाली. “शिंप्याकडे जाताना जुना पोलका नाय नेत? तेंका सांगा, नाक ह्या मापाचा व्हया. बाबलशेटान पयल्यांदा केल्लो, तेवडो चाप मी परत आवळून घेतलंय.”

पडावातून आगबोटीकडे जाताना मी ती डबी छातीशी धरून बसलो होतो.

नाका, नाका

मुंबईला मेव्हण्याच्या खोलीत दोन दिवस काढले आणि मग सरकारी हॉस्पिटलात खाट मिळाली. पहाटे पाचला तापमापक तोंडात, सहाला चहा, तो आपोआप गार. सातला झाडूवाला. नवाला मोठे डॉक्टर आणि त्यांच्यामागे शिकाऊ डॉक्टरांची वरात. माझं नाक बघायला सगळे वाकायचे. जत्रेतल्यासारखंच होतं, फक्त टाळ्या नव्हत्या.

वॉर्डातल्या सिस्टर गोव्याच्या होत्या. त्यांची कोकणी ऐकून मला घरी आल्यासारखं वाटलं. त्या पहिल्या दिवशी म्हणाल्या, “भिवूं नाका.” नाका म्हणजे नको. पण माझ्या कानाला ते नाक असंच ऐकू यायचं. मग दिवसभर, हात लावूं नाका, उठूं नाका, उलोवूं नाका, म्हणजे बोलू नका. मी म्हटलं, “सिस्टर, तुमका माझ्या नाकाशिवाय दुसरो विषय नाय.” त्यांना कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा औषधांचा ट्रे खाली ठेवून हसल्या. त्यानंतर मी त्यांच्या नावडत्या रोग्यांत कधी नव्हतो.

ऑपरेशनच्या आदल्या सकाळी मी मोठ्या डॉक्टरांपुढे डबी उघडली आणि आनंदीचा निरोप सांगितला. शिकाऊ डॉक्टर हसू दाबू लागले. मोठे डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी नथ हातात घेतली, चाप उघडून बघितला, मला विचारलं, “ही नेमकी कुठे बसते?” मी बोट ठेवून दाखवलं. त्यांनी कागदावर नाक काढलं, दोन्ही नाकपुड्यांची जाडी लिहिली आणि म्हणाले, “नथ आत नेता येणार नाही. पण माप माझ्या ध्यानात राहील.” असा माणूस देव प्रत्येकाला देवो.

ऑपरेशनचं मी थोडक्यात सांगतो. भूल नाकापुरतीच होती, सुया टोचल्या तेवढ्याच काय त्या लागल्या. डॉक्टरांनी एक बोट माझ्या नाकपुडीत घातलं, आतून जाडी कळावी म्हणून, आणि बाहेरून पात्यानं सुरण सोलावा तसं सोलत गेले. दुखत नव्हतं, पण आवाज येत होता, आणि मी भीतीनं गार पडलो होतो. हे ओळखून ते म्हणाले, “तुम्ही राणीचं काम करता ना? मग बोला काहीतरी.” नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही म्हणतात. माझं उघडलं. पतीच्या शोधात रानात हिंडणाऱ्या राणीचं भाषण मी अडकल्या आवाजात सुरू केलं. मध्ये थांबलो की डॉक्टर म्हणायचे, “मग? पुढे काय झालं?” पती सापडायच्या आत ऑपरेशन संपलं.

चमचा

नाकावर पट्ट्यांचा डोंगर होता. मी तोंडानं श्वास घ्यायचो आणि दिवस मोजायचो. पट्टी सुटली त्या दिवशी वॉर्डात आरसा नव्हता. धीर निघेना. मी जेवणाचा चमचा उलटा करून तोंडासमोर धरला आणि त्यात बघितलं. नाक पूर्वीपेक्षाही मोठं होतं, सगळ्या तोंडभर पसरलेलं. मी चमचा टाकला आणि भिंतीकडे तोंड करून ढसाढसा रडलो.

सिस्टर धावत आल्या. काय झालं ते मी बोटानं दाखवलं. त्यांनी चमचा उचलला, त्यात स्वतःचं नाक बघितलं आणि मला दाखवलं. त्यांचंही नाक तोंडभर होतं. मग आपल्या खोलीतून हातानं पुसलेला लहानसा आरसा आणून त्यांनी माझ्यासमोर धरला. “रडूं नाका,” म्हणाल्या, आणि या वेळी विनोद त्यांनीच केला होता.

आरशात एक लाल, ओलं, सोललेलं नाक होतं. पण लहान. आणि सरळ. माझं वडिलांवर गेलेलं नाक मी पंधरा वर्षांनी बघत होतो.

कातडी आपोआप भरत आली. निघताना मी मोठ्या डॉक्टरांना विचारलं, “नथ कधी घालू?”

“चापाची?” ते म्हणाले. “कधीच नाही. नवी कातडी आहे. रोज दाबलीत तर व्रण पडेल.”

मला राग आला. इतका की मी म्हटलं, “मग कापलं कशाला?” ते शांतपणे म्हणाले, “श्वास घ्यायला. रात्री तोंड मिटून झोपता आहात, लक्षात आलं का?” आलं नव्हतं. कितीतरी वर्षांत मी नाकानं नीट श्वास घेतला नव्हता, आणि ते नथीच्या नादात मला कळलंच नव्हतं. मी त्यांच्या पाया पडलो. पण बोटीत बसलो तेव्हा डबी खिशात नको तितकी जड वाटत होती.

बाबलशेट चौथ्यांदा

बंदरावर आनंदी उभी होती. तिनं आधी नाक बघितलं, मग चारचौघांत बोट लावून बघितलं, आणि म्हणाली, “बरा झाला.” मग हात पुढे केला. मी डबी दिली आणि चापाचं सांगितलं. तिनं डबी पदराच्या गाठीत बांधली आणि घरची वाट धरली.

लोक बोलायचे ते बोलले. दाजी म्हणाले, “दुसऱ्यांचा नाक कापला काय अब्रू जाता, तुझी मेल्या परत इली.” पण नथीशिवाय राणी कशी करणार हे त्यांनाही सुचत नव्हतं, आणि राक्षसाचं नाक तर मी मुंबईला ठेवून आलो होतो.

दिवाळीनंतर बाबलशेटनं बोलावलं. त्याच्या पुढ्यात एक नथ होती, पण सोन्यामोत्यांची नव्हती. गणपतीच्या मखराला वापरतात त्या भेंडाचे मणी पांढऱ्या रंगात बुडवून त्यानं ती केली होती. कापसाइतकी हलकी. तिला केसासारखा काळा दोरा होता. तो नाकाच्या बाजूनं वर नेऊन गंगावनात अडकवायचा. नथ नाकाला टेकते, दाबत नाही. “बायल तुझी चार खेपो घालून गेली,” तो म्हणाला. “ही नाय जमली तर तुझो भातो फोडतंय म्हणाली.”

मी नथ लावून बघितली. बसली. मी विचारलं, “आणि सोन्याची खंय?”

“ती माका विचारू नको,” बाबलशेट म्हणाला आणि फुंकणी तोंडाला लावली.

पहिली जत्रा आमच्याच गावची होती. दिवेलागणीला मी रंगपटात बसून तोंडाला रंग लावला. नाकावर नाही, डॉक्टरांनी मनाई केली होती, नुसती पावडर. लुगडं नेसलो, गंगावन बांधलं, दोरा अडकवला. पडद्याच्या फटीतून बाहेर बघितलं. पुढच्या रांगेत बायकांत आनंदी बसली होती. आजवर ती माझं काम बघायला कधी पुढे बसली नव्हती. तिच्या नाकात नथ होती. तीच, लग्नातली. बाबलशेटनं चाप काढून परत तार बसवली होती.

पण इतक्या वर्षांत नाकाचं भोक बुजलं होतं. तिनं ते कोणाला न सांगता परत टोचून घेतलं होतं. नाक टरटरून सुजलं होतं, लाल झालं होतं, आणि त्यात ती जड नथ घालून बाई ताठ बसली होती.

शेजारणीनं तिला विचारलं, “आनंदी, तुझा नाक गो कित्या सुजला?”

ती म्हणाली, “आमच्या घरात एकाचा तरी सुजलेला आसाक व्हया.”

मला हसू आलं, डोळ्यांत पाणी आलं आणि काजळ गालावर उतरलं. तेवढ्यात मृदंग वाजला, पडदा सरला. त्या दिवशी राणी रडतच रंगात आली, आणि लोकांना वाटलं कामच तसं आहे.